निव्वळ वजन

जालन्याच्या एमआयडीसीत भंगाराचा कंटेनर उलटला
तेव्हा बंपर, रेडिएटर, कुणाच्या तरी बाल्कनीचा कठडा
यांच्या मागून घरंगळत आली एक तबकडी.
कव्हर अर्धं कुजलेलं,
बाईचा चेहरा फक्त हनुवटीपासून खाली.
मी काट्यावरचा कारकून. सवयीनं ठेवली काट्यावर.
आकडा हलला नाही.
आमचा काटा वीस किलोच्या खालचं काही मानत नाही.

मोबाईलनं अक्षरं वाचली. फ्रेंच, म्हणाला.
हाती लागलं ते इतकंच:
बाजू दोन, समुद्र, चाळीस वादक.
चाळीस!
न्यू दिलखुश ब्रास बँडात ऐन लग्नसराईत
अकराच्या वर माणूस नसतो,
त्यातले दोघे नुसते बत्त्या धरायला.

कादराबादेत खाजामियाँ मास्तरांनी
चेंजर पुसला, सुई फुंकली.
आधी नुसती खरखर.
मग व्हायोलिनं आली एकदम,
जिनिंगच्या पंख्यातून सरकी सोडून कापूस उडतो तशी,
आणि त्यात एक बाई.
गात नव्हती. कानाशी येऊन
किराण्याची यादी वाचावी तसं बोलत होती.
ढोल सुरू झाला म्हणेस्तोवर थांबला.
आता मुखडा येईल, आता येईल,
आम्ही चहा थंड केला.

मास्तर म्हणाले, "ये गा नई रई.
कुछ ढूँड रई घर में."

बाजू दोनला लाइट गेली.
स्पीकर मेला, तबकडी मात्र आपल्या नादात फिरत राहिली
आणि सुईच्या टोकाशी डासाएवढा आवाज.
आम्ही दोन डोकी एका सुईवर.
बाई उतरत उतरत पुरुष झाली,
मग म्हैस,
मग चाळीसच्या चाळीस जण विहिरीच्या तळाशी बसले.
मास्तरांनी तबकडीवर बोट ठेवलं
आणि अंधारात फिरवू लागले,
वरातीच्या चालीनं,
घोडं बुजणार नाही इतक्या सावकाश.
समुद्र आम्ही दोघांनीही पाहिलेला नाही.

एप्रिलात, चंदनझिऱ्याच्या वरातीत,
ऐन नाचाच्या गाण्यात
क्लॅरिनेट वाट सोडून गेलं.
दोन-तीन सूर, कुठंच न टेकणारे.
नाचणारी पोरं हात वर धरून तशीच उभी.
नवरदेवाचा मामा ओरडला,
"ओ मास्तर, झोपले का काय?"
मास्तरांनी रीड जिभेनं ओली केली
आणि परत गाण्यावर आले.
दोनशे रुपये कापले त्यांचे.

त्या कंटेनरची पावती अजून माझ्या फाइलीत आहे.
निव्वळ वजन चोवीस टन तीनशे साठ.
तबकडी वजा करायची राहिली.