एक कमी

धंतोलीत मे महिन्याच्या दुपारी तीनला कूलरचं पाणी संपतं
आणि वाळ्याच्या ताट्या कोरड्या वाजू लागतात.
तेव्हाच आली ती फिल्म.
सरजाबाई पराते, वय एकसष्ट, गोळीबार चौक.
डाव्या बरगडीखाली एक पांढरी वळवळ,
पोरानं पाटीवर खडू ओढून अर्ध्यात सोडावा तशी.

मॉपमध्ये शिवलेला असतो हा धागा,
चुकलाच कधी आत, तर सापडावा म्हणून.
मला तो ओळखू आला
स्वतःचं अक्षर ओळखू यावं तसा.

अकरा महिन्यांपूर्वीची रात्र,
जठराला भोक, पोटभर पू, दोनदा गेलेली वीज.
लांजेवार सिस्टर मास्कआडून म्हणाल्या,
"एक कमी आहे, सर."
पुन्हा मोजा, मी म्हणालो.
त्यांनी मोजले. बादलीत पाहिलं, टेबलाखाली,
स्वतःच्या चपला उचलून.
"एकोणीसच आहेत."
सुरुवातीलाच चुकलं असेल तुमचं, मी म्हणालो
आणि टाका घातला.
रजिस्टरात वीस लिहिलेत.
अक्षर त्यांचं आहे.

रात्री रामदासपेठेतल्या मित्राचा फोन :
"आतडी चिकटलीत म्हण.
खोटं थोडंच आहे, चिकटली असतीलच.
उघड, काढ, फी घेऊ नको.
बाई उलट आशीर्वाद देईल."
तो वाईट माणूस नाही.
माझ्या आईचं पोट मी त्याच्याच हाती दिलं होतं.

भिंतीवर माझी चौकट आहे, सोनेरी शिक्क्याची.
तिच्या काचेत समोरच्या पॅथॉलॉजीची पाटी
उलटी दिसते.
आत काय लिहिलंय ते कित्येक वर्षांत वाचलं नाही,
जाता-येता भांग तेवढा बघतो.

सकाळी सरजाबाई आल्या, सोबत सून.
माझं वाक्य तयार होतं.
त्यांनी फिल्म हातातून घेतली, खिडकीशी नेली,
दोन्ही टोकांना धरून ताणली,
चाळीस वर्षं लुगड्याचा काठ तपासावा तशी.
"डॉक्टरसाहेब, हा त धागा होय."
मी गप्प.
"माया पोटात मी त माग नाही मांडला.
कोनाचा होय हा?"

माझा, मी म्हणालो.

मग बाकीचं. ती रात्र, ती वीज, एकोणीस.
वीज म्हटल्यावर थांबलो.
मोजणीच्या वेळी दिवे लागलेले होते.
तेही सांगितलं.

सून उभी राहिली.
"अकरा महिने," ती म्हणाली,
"आमी त्याईले म्हनत होतो, नाटकं नका करू."
तिला पुढे बोलता येईना.

सरजाबाई अजून काठच बघत होत्या.
"आमच्यात एक धागा तुटला
त मालक अख्ख्या थानाचे पैसे कापते."
कापा, मी म्हणालो.
त्या हसल्या नाहीत.
"ते मोजनारी बाई. तिनं सांगतलं होतं का तुमाले?"
हो.
"मंग तिले काही करू नका."
आणि दारातून,
"आता तुमी नका हात लावू."

ऑपरेशन मेडिकलला झालं, दुसऱ्या हातांनी.
मी कागदावर लिहिलं : 'कापड आत राहून गेले.'
खोडलं.
'आत कापड असताना मी पोट बंद केले.
मोजणीत एक कमी असल्याचे मला सांगण्यात आले होते.'
एक प्रत त्यांना, एक कौन्सिलला.
कौन्सिलचं उत्तर यायचंय.
मित्र हल्ली फोन करत नाही.

परवा एक हर्निया होता.
लांजेवार सिस्टर मोजत होत्या, मास्कमागे ओठ हलत होते,
मी सुई धरून उभा.
"पुरे आहेत, सर."
पुन्हा मोजा, मी म्हणालो.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.
तेच दोन शब्द होते.
मग त्यांनी पहिला उचलला
आणि मोजू लागल्या,
या वेळी मोठ्यानं.