पाणी सोडणे
(येळ्ळूर शिवार, ऑक्टोबर)

तुडतुड्यांनी भातात गोल डाग पाडलेत,
तव्यावर भाकरी करपावी तसे.
बुडखा हलवला की भुरकन उठतात
आणि तिथंच बसतात, निवांत.

कृषी केंद्रातला शिवलिंगप्पा म्हणाला, "नीर बिडरी,
पाणी सोडा. औषधाचं मागनं बघू."

सोडा म्हणे.
आषाढभर खेकड्यांची भोकं
चिखल थापून बुजवली मी,
याच पाण्यासाठी.

रात्री बॅटरी दातात धरून बांध फोडला.
खालच्या मेरेवर भरमाण्णा उभाच, खोरं घेऊन.
वाटलं, आता भांडण.

त्यानं पायानं ढेकूळ सरकवलं फक्त.
त्याचंही पाणी
बळ्ळारी नाल्याकडं निघालं होतं.

सकाळी मुळाशी ऊन पोचलं.
बासमती उभी आहे अजून,
निम्मी.