पासंग

भाचा म्हणाला, मामा, चाळीस जणांना मेल टाक.
टाकली. रविवार पेठेतले ढमढेरे काटेवाले,
जुनी पेढी, फोटो सोबत जोडला आहे.
एकाचंही उत्तर नाही.
एकाचं आलं, ते जाहिरातीचं दरपत्रक.

शलाका रिसबूड आली ती मेल वाचून नव्हे.
पिशवीत आईचा काटा होता, बाळं तोलायचा.
आई हडपसरला नर्स, तिसेक वर्षं.
पारड्याला एका बाजूने पोचा.
बोलता बोलता कळलं, ही लिहिते. नोकरी कुणाची नाही,
जो छापेल त्याला देते, शब्दाला दीड रुपया.
मी लगेच म्हटलं, राहू द्या हो पैसे.
मनात हिशेब होता, खोटं कशाला बोलू.
ती म्हणाली, घ्या. नाहीतर मला
तुमच्याबद्दल कधीच लिहिता येणार नाही.
साठ रुपये घेतले.

मग तिचे फोन यायला लागले.
भवानी पेठेत कल्हई अजून कोण करतं?
बोहरी आळीत कानशीने किल्ल्या घासणारे चाचा
जेवायला किती वाजता उठतात?
मी सांगायचो.
कल्हईवाला छापून आला.
चाचा आले, अर्धं पान, रंगीत.
बायको म्हणायची, तुम्ही काय
सगळ्या पेठेचे पोस्टमन?
तीन वर्षं मी विषय काढला नाही.
दोनदा काढणार होतो. चहा सांगितला.

एका गुरुवारी मी आलो. आतल्या पानावर, तळाला,
श्रवणयंत्राच्या जाहिरातीला टेकून.
नऊशे शब्दांचे एकशेऐंशी उरले होते
आणि ढमढेऱ्यांचे ढमढोरे झाले होते.
गिऱ्हाइकं आली चार.
त्यातलं एक पत्ता विचारायला.

संध्याकाळी ती आली, तोंड उतरलेलं.
मानधन? विचारलं मी.
मान हा असा. धन दिवाळीनंतर.
मी काचपेटीतला सोनाराचा काटा काढला,
पंखा बंद केला, कात्रण ठेवलं.
ग्रॅमसुद्धा भरेना.
पारडं तरी खाली गेलं, जरासंच,
दोघांनी वाकून पाहिलं.
पासंग तर नाही ना यात? ती म्हणाली.
आहे की, म्हटलं. तीन वर्षांचा.

हसली. वही उघडली.
नाना पेठेत न्हाव्याच्या खुर्च्या
दुरुस्त करणारं कुणी माहितीये?
माहीत होतं.
मंगळवारी जा, म्हटलं. सोमवारी सलूनं बंद,
त्या दिवशी त्याला मान वर करायला फुरसत नसते.