नसेल तर घडव

ग्रिम्स्बीत जानेवारीत चारलाच अंधारतं.
वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, हीटरला पाय लावून,
मी सदतीस ओळींची एक लायब्ररी वापरते आहे.
लिहिणारा कोण कुठला, नऊ वर्षांत तिला कुणी हात लावलेला नाही,
तरी गुमान चालते.

काम तसं साधं.
मासेमारी बोटींच्या खलाशीनोंदी, अकरा हजार स्कॅन,
सगळे एकाच फोल्डरात,
ओट्यावर ओतलेल्या बोंबलांसारखे गिचमिड.
त्यांना घरं द्यायची:
साल, सालात बोट, बोटीत महिना,
महिन्याच्या पोटात कागद.
उतरंडच म्हणा ना,
फक्त इथली मडकी एकमेकांच्या आत बसतात.

पहिल्या दिवशी सगळं हाताने लिहिलं होतं मी.
मशीन अडलं. म्हणे १९५७ च नाही,
तर त्यातली बोट ठेवू कुठे?
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून,
एवढंच त्याचं म्हणणं,
पण लाल अक्षरांत, बावीस ओळी.

हिचं तसं नाही.
हिला टोकाचा पत्ता द्यायचा, तिरक्या रेघांनी सांधलेला.
ही मुळापासून चालत येते,
वाटेत नसेल ते घडवते,
असेल त्याच्याशेजारून निघून जाते,
कुरकुर करत नाही.

डोरीन स्टॅमर्स, वय सत्त्याहत्तर, मंगळवार आणि गुरुवार.
कागदांच्या गंजक्या पिना काढते,
पेपरमिंटच्या डब्यात टाकते.
चष्मा कपाळावर सरकवून तिने विचारलं,
ही ओळ काय म्हणते?
मी सांगितलं, पेरेंट्स बरोबर ट्रू.
म्हणजे आईबाप नसतील
तर आधी आईबाप घडव, मग मूल.
माझ्या मते गंमत होती ती.
'इतकं सोपं?' ती म्हणाली.
'एकच शब्द,' मी म्हणाले,
आणि मग चहा करायला उठले,
उगाच.

अकरा सेकंद लागले.
पडद्यावर सालं उगवली, सालांना बोटी फुटल्या,
प्रत्येक बोटीला बारा महिने.
सरसकट बारा. लूप मीच लिहिला होता.

१९५७, मेरी अ‍ॅशबी.
जानेवारीत एक कागद, अठरा सह्या,
दोन नुसत्या फुल्या.
फेब्रुवारीत एक तार.
मार्चपासून पुढे फोल्डर आहेत,
आत काही नाही.

डोरीन माझ्या खुर्चीमागे उभी होती.
काचेला बोट न लावता
तिने खालून तिसरी सही दाखवली.
म्हणाली, भट्टीवर होता, कोळसा लोटायचा.
ई काढताना त्याचा हात असा वळायचा.
आणि हवेत काढून दाखवला तो ई.

मी म्हणाले, रिकामी उडवते,
एका ओळीचं काम आहे.
'किती जागा खातात?'
'काहीच नाही.'
'मग खाऊ देत की.'

पण रिकाम्या फोल्डरची नक्कल होत नाही,
रात्रीचं बॅकअप त्यांना ओलांडून जातं.
टिकवायचं तर आत काहीतरी ठेवावं लागतं,
नावापुरती एक फाइल, शून्य बाइटची.
हे तिला समजावताना माझी जीभ दोनदा अडखळली.
तिला मात्र लगेच कळलं.
त्या वर्षी आई रोज एक ताट जास्तीचं मांडायची, म्हणाली,
पार ईस्टरपर्यंत.
मग भाडेकरू ठेवला.

फाइलचं नाव काय देऊ?
तिने डबा हलवला, पिना खळखळल्या.
'अजून नाही,' म्हणाली.
मला आधी वाटलं, थांब म्हणतेय.
थोड्या वेळाने कळलं, तेच नाव.

फाइलच्या नावात मोकळी जागा सोडू नये असा दंडक आहे.
दोन शब्दांमध्ये मी खालची रेघ घातली.
मार्च, एप्रिल, मे,
दहा वेळा.
लायब्ररीने एकदाही विचारलं नाही, कशाला.

पावणेपाचला डोरीनची बस होती.