बाराव्या दिवशी

ब्रनो शहरात, प्रयोगशाळेच्या तळघरात
उंदरांची पिल्लं बारा दिवसांची झाली.
बाराव्या दिवशी माणसं नाव ठेवतात.
झ्दिस्लावा शेपटीवर काळ्या शाईचे ठिपके देते:
एक, दोन, तीन,
चौथ्याला काहीच नाही.
डोळे अजून मिटलेलेच. उद्या-परवा उघडतील.

सुई. मग वाट बघणं.
दोन ठिपकेवालं आधी हवाच चघळू लागतं,
मग पुढचे पाय पोहल्यासारखे,
मग सगळं अंग.
राडिम वहीत वेळ टाकतो.
मोठ्या मेंदूत एक रसायन असतं, तो विद्यार्थ्यांना सांगतो,
त्याचं काम 'पुरे' म्हणायचं.
या वयात ते नीट बोलायला शिकलेलं नसतं.
'पुरे' म्हणायला जातं
आणि तोंडातून कधी 'आणखी' निघतं.
विद्यार्थी हसतात.

झ्दिस्लावाच्या भावाला, बोहुशला,
तापात आकडी आली तेव्हा तो दीड वर्षाचा होता.
फेब्रुवारी, खेडं, रस्ता बर्फानं बुजलेला.
आईनं वेळ मोजली रेडिओवर:
बातम्या संपल्या, बँड वाजून थांबला,
बटाट्याच्या बियाण्यावर कुणी बोलू लागलं
तेव्हा कुठे तो सैल पडला.
सकाळी त्यानं दूध मागितलं.
काही झालेलं नाही, डॉक्टर म्हणाले.

दोन तासांनी औषध. ऊबदार पेटी. मग आईकडे.
मादी एकेकाला चाटते,
शाई जवळजवळ पुसून टाकते.
झ्दिस्लावा पुन्हा ठिपके देते.

काही पिल्लांच्या मेंदूच्या चकत्या काचेखाली जातात.
मोठ्या उंदरात एवढ्या वेळात ओळीच्या ओळी ओस पडल्या असत्या.
इथे पेशी बहुतेक जागच्या जागी.
राडिम पुन्हा मोजतो. तेवढ्याच.

उरलेले वाढतात, गुबगुबीत होतात.
मग गोल हौद, दुधाळ केलेलं पाणी,
पाण्याखाली न दिसणारी एक पायरी.
बिनठिपक्याला सुई नुसत्या मिठाच्या पाण्याची होती;
तिसऱ्या दिवशी तो सरळ पायरीवर.
दोन ठिपकेवाला कडेकडेनं पोहतो,
पायरीला पाय लागतो त्याचा,
तरी पुढे जातो,
पुन्हा कडेला.

बोहुश पन्नाशीला आला. लाकडाच्या गिरणीत चांगला कामगार आहे.
दर शरदात अळंब्या वेचायला त्याच एका रानात जातो
आणि तिथून बहिणीला फोन करतो:
झ्दिशा, मी कुठे आहे?
त्या रात्रीमुळेच, असं म्हणता येत नाही.
एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, राडिम म्हणतो,
आणि तो चूक नाही.
रानातल्या झाडांना तिनं लाल चिंध्या बांधल्या आहेत.

साठ सेकंद झाले. घंटी.
झ्दिस्लावा बाही वर सारते,
भिजलेल्या उंदराला तळव्यावर घेऊन पायरीवर ठेवते.
नियम आहे तसा: पंधरा सेकंद बसू द्यायचं,
आजूबाजूला पाहू द्यायचं.
ती वीस मोजते.
वहीत पंधरा लिहिते.