दगड हलवताना

आमच्या गल्लीत नळ येतो आठव्या दिवशी
आणि मी त्या पाण्यात मीठ कालवत बसतो.
समोरच्या कौसाबाई दारातूनच विचारतात,
"काहून नासवायलात सायेब, चांगलं गोडं पाणी?"
मी हसतो. लिटरला पस्तीस ग्रॅम, हे त्यांना सांगत नाही.
परभणीतून समुद्र कुठल्याही बाजूला जवळ नाही.
मी तो दोनदा पाहिलाय,
दोन्ही वेळा बसच्या खिडकीतून.

पेटी चार फुटांची.
मासे येतात सिकंदराबादहून, रात्रीच्या गाडीनं,
थर्माकोलच्या खोक्यात, फुगवलेल्या पिशवीत.
सगळ्यात आधी आणला तो निळा डॅमसेल, अंगठ्याएवढा.
"स्वस्तय, लवकर मरत नाही," मुबश्शिर म्हणाला होता.
मारतो, हे बोलला नाही.

डाव्या कोपऱ्यातला दगड त्याचा.
दगडाभोवतीची वीतभर वाळू त्याची.
वरचं पाणी, पाण्यावर पडलेला उजेडसुद्धा त्याच्याच नावावर,
कुठल्याच सातबाऱ्यावर नोंद नसताना.
मागून आलेल्या पिवळ्या टँगची शेपटी
दोन दिवसांत करवतीसारखी झाली.
तो फिल्टरच्या मागे उभा राहायचा,
जेवायलाही यायचा नाही.

चूक माझीच. रागीट असेल त्याला शेवटी आणायचं असतं;
आधी आलेला मालक होतो.
आता हे मला कळायला नको?
सव्वीस वर्षं भूमी अभिलेखात मोजणीदार आहे मी.

मग दाढीचा आरसा काचेला बाहेरून चिकटवला.
निळा चार दिवस स्वतःशीच भांडला,
मी चार दिवस अंदाजानं दाढी केली.
पाचव्या दिवशी त्याला कळलं, किंवा कंटाळा आला.
मग खाणं दोन टोकांना टाकून पाहिलं.
हा एक घास इकडे खायचा
आणि दुसऱ्या टोकाला जाऊन राखण करायचा.

शेवटी सत्यभामेची पुरणाची चाळणी.
"ती आता मला परत देऊ नका," एवढंच म्हणाली.
निळ्याला चाळणीखाली कोंडला, पाण्यातच, दहा दिवस.
टँग त्याच्यासमोरून आधी लांबून गेला,
मग जवळून,
मग थांबून.

अकराव्या रात्री दिवे बंद करून
कोपरापर्यंत हात घातले
आणि पेटीतला एकूण एक दगड हलवला.
डावा उजवीकडे, उभा आडवा, गुहेचं तोंड भिंतीकडे.
हेच कुणी शिवारात केलं
तर मी पंचनामा लिहितो :
हद्दीची खूण जागेवर आढळून आली नाही.
अंधारात हसू आलं.
मग चाळणी उचलली.

सकाळी टँग मधोमध पोहत होता.
निळा डाव्या कोपऱ्यात,
जिथं त्याचा दगड होता तिथं,
नुसत्या पाण्यासमोर पहारा देत उभा.
कुणी आलं नाही.
कशावर यावं, हेही कुणाला दिसत नव्हतं.
दुपारपर्यंत तो थोडा सरकला.

मी मात्र साडेदहालाच निघालो होतो, पाथरी रोडला,
मुंजाजी आणि उत्रेश्वर गव्हाण्यांच्या मोजणीवर.
एकाच आईचे दोघं, बांधाच्या दोन बाजूंना,
मधे सव्वा हाताचा धुरा आणि एक पोलीस.
"दगड यानंच सरकवलाय."
"दगड व्हताच कवा तिथं?"
दोघं मला विचारत होते, एकमेकांकडे न बघता.
मी नकाशा उलगडला. म्हणालो, बघू.
यांना कोंडायला एवढी चाळणी नाही,
आणि सगळ्या शिवाराचे दगड एका रात्रीत
हलवायची मला परवानगी नाही.

घाईत हात नीट धुतले नव्हते.
कोपरापर्यंत मीठ वाळून पांढरं झालेलं.
झाडाला बांधलेल्या मुंजाजीच्या बैलानं मान लांबवली
आणि खरखरीत जिभेनं
माझं मनगट चाटायला लागला.
मी हात मागे घेतला नाही.
ते दोघं बोलायचे थांबले, बैलाकडे बघत राहिले.
"मिठाचा लई नाद हाय त्याला," उत्रेश्वर म्हणाला,
"ल्हानपणापासूनच."