सरळ रेघ

शिमला ऑफिसच्या तळघरात
भूकंपाच्या यंत्रापाशी माझी रात्रपाळी.
सुई कधीच गप्प नसते.
पहिल्याच आठवड्यात हसबनीसबाई म्हणाल्या होत्या,
ही बारीक थरथर आहे ना, ती समुद्राची.
तिकडे हर्णैला लाट आपटते
आणि घाट चढून इथे कागद शहारतो.
पुण्याला समुद्र नाही, असं कोण म्हणतं?

आज तीन वाजून सात मिनिटांनी
सुईनं सरळ रेघ ओढायला घेतली.

वायर पाहिली. शाई होती.
टाचा उचलून जमिनीवर आपटल्या.
त्या तिनं इमानानं काढल्या,
दोन टोकदार डोंगर,
आणि पुन्हा सरळ.

म्हणजे यंत्र ठीक आहे.

हर्णैला मावशी असते. फोन नुसता वाजत राहिला.
वर येऊन पाहिलं, संचेतीच्या पुलाखाली
एक रिक्षा, मागे दुधाचा टेम्पो,
सिग्नल लाल, कुणी थांबलं नाही,
म्हणजे सगळं रोजच्यासारखंच.

वहीत वेळ लिहिली, सही केली.
शेऱ्याच्या रकान्यात
पेन टेकवून बसलो, तिथे शाईचा ठिपका वाढत गेला.

मग उठलो
आणि यंत्राजवळ जाऊन
परत एकदा पाय आपटला,
कागदावर कुणीतरी असावं म्हणून.